गिऱ्हाईक आणि पांढरा दोरा

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना निवांत झोपवण्याचा धंदा केला, त्याला स्वतःला चहाचा कप संपेपर्यंत खुर्चीत बसता येत नसे. पहिला घोट खुर्चीत, दुसरा खिडकीशी, तिसरा जिन्यावर, आणि कप कुठे ठेवला ते शोधण्यात उरलेली सकाळ. बाजार त्याला भिंगरी म्हणत असे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं, आणि बिल आलं की घरातलेही क्षणभर विचारात पडत, हे कुणाचं आपल्याकडे टाकून गेले म्हणून.

भिंगरी उशा करत असे. सावरीचा कापूस हाताने पिंजून, हाताने भरून. बायको खोळी शिवत असे. दोघांनी मिळून मोठ्या रस्त्यावर बरीच वर्षं दुकान चालवलं. मग रस्ता रुंद करणारे आले आणि त्यांनी ते दुकान इतकं अलगद रस्त्यात घेतलं, की आता भिंगरीच्या गल्ल्याच्या जागेवरून बस वळते. त्या बसने जाताना भिंगरी त्या वळणावर उठून उभा राहतो. आपल्या दुकानात तो कधी बसलेला नव्हता, आता तरी कशाला बसेल?

दुकान गेल्यावर काम घराच्या मागच्या खोलीत आलं. खोली दादाची होती. दादा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ. त्याचा फोमचा कारखाना होता, आणि कापसाच्या उशीबद्दल त्याचं मत, ती वस्तू अजून विकली जाते हीच नवलाची गोष्ट आहे, असं होतं. एक दिवस तो दारातच उभा राहून म्हणाला,

"भिंग्या, महिनाअखेरपर्यंत बघ. तुझ्या उशा खपल्या तर ठीक. नाहीतर या खोलीत माझा फोम येईल."

"आणि मी?"

"तू कारखान्यात ये. गेटजवळ टेबल आहे, खुर्ची आहे. डोक्यावर पंखा आहे. आलेल्या गाड्यांकडे बघायचं आणि बसायचं."

"बसायचं?"

"दिवसभर. कुणी उठवणार नाही तुला."

दादा हे प्रेमाने म्हणाला होता. भिंगरीने मात्र वेगळाच हिशेब मांडला. खोली जाणार, कापूस जाणार, बायकोचं मशीन माळ्यावर जाणार, आणि आपण पंख्याखाली बसून राहणार! त्याने त्याच दुपारी मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो दातांच्या डॉक्टरांना वेबसाइट करून देत असे. त्याने उशांचं ऑनलाइन दुकान झटपट उभं केलं, पण हाताला वळण दातांचं होतं. पहिल्या खेपेला प्रत्येक उशीखाली 'अपॉइंटमेंट घ्या' असं बटण आलं आणि सगळ्यात खाली एक ओळ आली, 'अजिबात दुखणार नाही.' बटण बदललं. ओळ मात्र भिंगरीने राहू दिली. म्हणाला, "खोटं काय आहे त्यात?"

दुकान उघडलं. लोक आले, फिरले, फोटो मोठे करून पाहिले, आणि गेले.

"दाजी, कन्व्हर्जन रेट फार कमी आहे," मेहुणा स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे शंभर माणसं दुकानात शिरली, तर त्यातली घेऊन किती जातात."

"किती जातात?"

"जेमतेम एखादा. तोही बहुतेक चुकून."

"मग वाढव की!"

इथून त्या घराची झोप उडाली. आधी फोटो बदलले. उशांमागे निळा पडदा होता, तो पिवळा झाला. मग 'विकत घ्या' हे बटण लाल केलं, कारण लाल नजरेत भरतं. मग हिरवं केलं, कारण लाल पाहिलं की माणूस थांबतो. सवलत लावली. सवलत संपायला किती वेळ उरला हे सांगणारं घड्याळ लावलं. ते घड्याळ पाहून गिऱ्हाइकांचं माहीत नाही, पण भिंगरीला धाप लागायची.

मेहुण्याने एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याने दाजींच्या फोनवर एक पान उघडून दिलं, आणि तिथे तो चुकला. या क्षणी दुकानात जितकी माणसं आहेत, तितके हिरवे ठिपके त्या पानावर दिसत. कोण कुठल्या उशीपाशी उभं आहे तेही कळे.

भिंगरीने पहिला ठिपका पाहिला आणि हातातला घास ताटात ठेवला.

"दुकानात माणूस उभा आहे!"

"असू दे," बायको म्हणाली. "जेवा आधी."

"माणूस उभा आहे आणि मी जेवतोय? काय म्हणेल तो?"

"त्याला काय दिसतंय तुम्ही काय खाताय ते?"

पण भिंगरी उठला होता.

त्याची जुन्या दुकानातली एक खोड होती. गिऱ्हाइकाने उशी दाबून पाहिली की भिंगरी लगेच पुढे होऊन ती थोपटून सारखी करत असे. गिऱ्हाईक तीच पुन्हा दाबे, हा पुन्हा सारखी करे. एखाद्याची नजर वरच्या फळीवर गेली तर वरची उशी खाली येई आणि खालची वर जाई. दुकान कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे, हा त्याचा बाणा. आता हाताशी उशी नव्हती, फोन होता. मेहुण्याकडून त्याने वस्तू वरखाली कशा करायच्या, किंमत कशी बदलायची, पाट्या कशा लावायच्या, हे सगळं शिकून घेतलं, आणि त्या दिवसापासून तो चालत्या दुकानात मांडामांड करू लागला.

ठिपका उंच उशीपाशी रेंगाळला, की हा उंच उशी सगळ्यात वर आणी. दुसरा ठिपका लहान मुलांच्या उशीपाशी गेला, की ती वर येई आणि उंच उशी पार तळाला जाई. कुणी किंमत बघत थांबलं असं वाटलं की किंमत उतरे. तरीही घेतलं नाही, म्हणजे स्वस्त म्हणून शंका आली असणार, असं म्हणून पुन्हा चढे. ठिपका दाराकडे सरकला की 'जाताय का?' अशी पाटी आडवी येई. मेहुण्याने गप्पांची खिडकी लावून दिल्यावर तर विचारूच नका. माणूस आत पाय ठेवतो न ठेवतो तोच, 'या या! काय दाखवू? लाजू नका! मानेला की पाठीला?' असा मजकूर त्याच्या अंगावर येऊन आदळे.

ठिपके विझत. जसजसे विझत, तसतशी भिंगरीच्या जिवाची तगमग वाढे. तो फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारी, जिन्यात थांबे, पुन्हा फेऱ्या मारी. दाढी करताना फोन आरशाला टेकलेला असे. एका गालाची दाढी झाली आणि दुकानात तिघं आले, म्हणून दुसरा गाल संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

"टोपलीपर्यंत येतात, दाजी," मेहुणा डोकं खाजवत म्हणायचा. "उशी टोपलीत टाकतात, पत्ता लिहायला घेतात, आणि ऐन वेळी पळतात. माझं डोकं चालेना."

"फोटोत कापूस दिसत नाही. उशी फाडून फोटो काढू?"

"नको."

"मग गाणं लावू या. दुकानात शिरलं की गाणं."

"दाजी, दातांचे डॉक्टरसुद्धा गाणं लावत नाहीत हो."

खोळीला शिवण घालता घालता बायको मान वर न करता म्हणाली, "त्यांना जरा बघू द्या की."

दोघांनीही ते ऐकलं नाही. दोघं तज्ज्ञ होते.

महिना उतरणीला लागला तसा दादाचा फोन आला. फोम तयार आहे, गाडी ठरवलीय, आणि टेबलावर नवी काच बसवलीय, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. भिंगरीने त्या दिवशी किमती इतक्या वेळा बदलल्या, की मेहुण्याला वाटलं दुकानात कुणी चोर शिरलाय.

आणि मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. भिंगरीने स्पीकर लावला. पलीकडून एका वयस्क बाईंचा खणखणीत आवाज आला.

"उशांचं दुकान तुमचंच का?"

"हो हो! बोला! मानेला की पाठीला?"

"आधी तुम्ही बोलणं थांबवा. मी ग्रंथपाल होते. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलंय, तुम्हालाही बसवेन."

भिंगरी गप्प झाला. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. हे त्याने पहिल्यांदाच घडताना पाहिलं होतं.

"मी परवापासून तुमच्याकडून एक उशी घ्यायचा प्रयत्न करतेय," बाई म्हणाल्या. "मान धरलीय माझी. मधल्या उंचीची उशी मला आवडली. टोपलीत टाकली. पत्ता लिहायला चष्मा आणायला गेले. येऊन बघते तर टोपलीतली किंमत वेगळी. म्हटलं, आपलीच नजर कमी. पुन्हा मागे जाऊन बघते तर उशीच जागेवर नाही, तिथे बाळाची उशी. मी घरात एकटी राहते हो. माझं बाळ पन्नाशीचं आहे."

"अहो, ते मी—"

"थांबा. काल पुन्हा आले. उशी सापडली, खाली तळाशी होती. पत्ता लिहीत होते, तेवढ्यात मध्ये पाटी आली, 'जाताय का?' मी जात नव्हते! पिनकोड आठवत होते. पाटी बाजूला केली तर कुणीतरी विचारतंय, 'लाजताय का?' मी का लाजू? दर मिनिटाला कपाटं हलवणारा एक शिपाई आमच्या वाचनालयातही होता. त्याला मी अंगणात पानं गोळा करायला पाठवत असे. तुमच्याकडे कोण आहे तसा, त्याला पाठवा कुठेतरी. मग मी उशी घेते."

फोन बंद झाला. खोलीत मशीनचा आवाज तेवढा चालू होता. मग तोही थांबला.

मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, ते टोपलीतून पळतात ना..."

"ऐकलं मी," भिंगरी म्हणाला.

बायको उठली. तिने मशीनखालची पत्र्याची पेटी पायाने बाहेर ओढली आणि झाकण उघडलं. पेटी पांढऱ्या दोऱ्याच्या रिळांनी काठोकाठ भरली होती. सगळी कोरी. काहींवरचा कागदही निघाला नव्हता.

"हे काय?" भिंगरीने विचारलं.

"दोरा."

"एवढा?"

"माळ्यावर अजून दोन पेट्या आहेत."

भिंगरी पेटीकडे बघत राहिला. मोठ्या रस्त्यावरचं दुकान त्याच्या डोळ्यांपुढे आलं. दारात गिऱ्हाईक यायचं, आत शिरायचं, एखाद्या उशीला हात लावायचं, आणि नेमका त्याच वेळी बायकोचा दोरा संपायचा. "अहो, जरा पांढरा दोरा आणता?" मग भिंगरी धावत कोपऱ्यावरच्या दोरे-बटणवाल्याकडे जायचा, धावत परत यायचा, तोवर गिऱ्हाईक उशी घेऊन गेलेलं असायचं. दर खेपेला तो म्हणायचा, मी मांडणी केली होती ना, म्हणून खपली. मशीन एवढा दोरा कसा खातं, यावरून त्याने मशीन दुरुस्त करणाऱ्याशी दोनदा कडाक्याचं भांडण केलं होतं. तो बिचारा शपथेवर सांगत होता, मशीनमध्ये काही दोष नाही म्हणून.

"सगळी वर्षं?" त्याने विचारलं.

"सगळी नाही. पहिल्या वर्षी मला कळलं नव्हतं. त्या वर्षी काही खपलं नाही, आठवतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून तुम्ही थांबला असतात?"

बायको पेटीचं झाकण लावत म्हणाली, "तिथे गिऱ्हाईक दारातून यायचं, मला दिसायचं. या फोनातलं गिऱ्हाईक कधी येतं आणि कधी जातं, मला काय कळतंय? एरवी तुम्हाला पाठवलं असतं की."

भिंगरी कापसाच्या ढिगावर बसला. आणि बसून राहिला. हे पाहून मेहुणा घाबरला आणि पाणी आणायला धावला.

दुपारी मेहुण्याने दुकानाचा पासवर्ड बदलला आणि तो बहिणीच्या कानात सांगितला. घड्याळ गेलं, पाट्या गेल्या, गप्पांची खिडकी बंद झाली. उशा होत्या तिथे राहिल्या. किमती बायकोने ठरवल्या आणि तिने त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. भिंगरीचा फोन धान्याच्या डब्यात गेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते भिंगरीलाच ठाऊक. हात नुसते शिवशिवत. दर थोड्या वेळाने तो विचारी, "आलंय का कुणी?" बायको म्हणे, "असेल." "असेल म्हणजे? बघ तरी!" "मी शिवतेय." मग तो कापूस पिंजायला बसे. बसे म्हणजे उभ्याने, चालत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आठवण आली की एक खोळ भरी. ठिपका आला असेल असं वाटलं की दुसरी भरी. ठिपका गेला असेल असं वाटलं की दाभणाने तिचं तोंड शिवून टाकी. भरलेल्या उशांच्या ढिगाने खिडकी झाकली गेली. मग कपाट झाकलं गेलं. दाराशी एक माणूस आडवा होऊन आत येईल एवढी फट उरली.

आणि उशा जाऊ लागल्या. आधी ग्रंथपालबाईंची गेली. मग त्यांच्या बहिणीची. मग अशी माणसं घेऊ लागली ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं. मेहुणा येऊन आकडे बघायचा आणि शीळ घालायचा. "शंभरात तिघं, दाजी! चांगलंय हे!" भिंगरी म्हणायचा, "उरलेले सत्त्याण्णव कुठे गेले?" आणि नवी खोळ ओढायचा. तो ज्या वेगाने भरत होता, त्या वेगाने खपायला अख्ख्या गावाची मान धरायला हवी होती.

महिनाअखेर आली आणि दाराशी फोमची गाडी लागली. दादा खाली उतरला. उतरताना त्याने मान न वळवता सबंध अंग वळवलं, हे फक्त भिंगरीच्या बायकोने पाहिलं.

"काय रे, किती खपल्या?"

"शंभरात तिघं घेतात आता, दादा."

"तीन? माझ्या कारखान्यात शंभरात तीन नग खराब निघतात, ते आम्ही फेकून देतो." त्याने खोलीचं दार ढकललं. दार अर्धं उघडलं आणि मऊ लागून थांबलं. "हे काय करून ठेवलंयस?"

"उशा."

"ते दिसतंय! फोम कुठे ठेवू मी? काढ सगळ्या बाहेर." दादा फटीतून आडवा होऊन आत शिरला. दोन पावलं गेला आणि अडकला. तोल सांभाळायला त्याने समोरची एक उशी धरली. धरली ती सोडली नाही. अंगठ्याने दाबून पाहिली. मग दोन्ही हातांनी दाबली.

भिंगरी दारात होता. त्याची बोटं आपोआप पुढे झाली. ती नको, दादा, ती उंच आहे, तुला मधली लागेल, थांब, मी खालची काढून देतो. हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडलं असतं, तर थोरल्या भावाने धाकट्यासमोर ती उशी तिथेच टाकली असती आणि फोमवाल्यांना हाक मारली असती. भिंगरीला हे कळत होतं. कळत असूनही एक पाय आत गेला.

"अहो," मशीनवरून बायको म्हणाली, "जरा पांढरा दोरा आणता?"

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. पेटी तिच्या पायांशीच होती. झाकण नीट लागलंही नव्हतं, दोन रिळं बाहेर डोकावत होती. बायको सुईत दोरा ओवत होती, मान खाली.

"आणतो," तो म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या.

जन्मात पहिल्यांदा तो दोरा आणायला चालत गेला. दोरे-बटणवाल्याचा कोपरा घरापासूनही लांब नव्हता, पण तिथवर येईस्तोवर त्याने तीनदा मागे वळून पाहिलं, एकदा परत फिरला, पुन्हा वळला. आत काय बोलणं चाललं असेल? बायको मान वर करून म्हणाली असेल का, ती उंच होईल तुम्हाला? दादा म्हणाला असेल का, कशी दिली? ती म्हणाली असेल, फोनवर दुकान आहे, तिथून घ्या, सगळे तिथूनच घेतात. आणि दादाला पिनकोड आठवतो का? त्याला काही आठवत नाही. कुणीतरी सांगायला हवं...

दोरे-बटणवाला गल्ल्यावर पेपर वाचत होता. भिंगरीला पाहताच त्याने पेपरची घडी घातली आणि मागे न बघता फळीवरून एक पांढरं रीळ काढलं.

"बऱ्याच दिवसांनी. आत गिऱ्हाईक आहे वाटतं?"

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिला. "तुलाही माहीत होतं?"

"अख्ख्या बाजाराला माहीत होतं. माझा बाप गल्ल्यावर असायचा तेव्हापासून. तुझ्या दुकानात कुणी शिरलं की बाबा रीळ काढूनच ठेवायचे."

भिंगरीला राग यायला हवा होता. पण त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. तो रीळ या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मग बटणांचे डबे सारखे करायला त्याचा हात पुढे झाला.

"ए," दुकानदार म्हणाला. "ते राहू दे."

भिंगरीने हात मागे घेतला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून फोमची गाडी वळली. मागे फोमचे गठ्ठे जसेच्या तसे, दोरीची गाठही सुटलेली नव्हती. पुढे ड्रायव्हरशेजारी दादा बसला होता. मानेमागे मधल्या उंचीची उशी होती आणि डोळे मिटलेले होते. भिंगरीला हाक मारावीशी वाटली. त्याने दोन्ही हातांनी रीळ घट्ट धरलं. गाडी गेली.

"एकच ना?" दुकानदाराने विचारलं.

"दोन दे," भिंगरी म्हणाला आणि घराच्या दिशेने बघत पुन्हा थांबला. "तीन दे. दुपारी अजून कुणीतरी येईल."